संशयाचा पहिला नंबर

घरातली एखादी वस्तू बंद पडली की संशय आधी कुणावर घ्यायचा, या प्रश्नाचा विचार थोर तत्त्वज्ञांनी केला असेल तर तो माझ्या वाचनात नाही. अर्थात माझं वाचन बी.कॉम.पर्यंतचं. सत्य म्हणजे काय, जग खरं की भास, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहून ठेवली. पण मिक्सर फिरेनासा झाला तर आधी प्लग बघायचा की आधी बायकोकडे बघायचं, यावर दोन ओळी नाहीत. वास्तविक जग भास आहे असं कळल्यानं कुणाची चटणी वाटली जात नाही. मिक्सर बंद पडला की मात्र पाच मिनिटांत घरातल्या चार माणसांचे चार स्वभाव बाहेर येतात. “काल शेवटी कुणी वापरला होता?” हा तर आपल्याकडे विज्ञानाचा पहिला प्रश्न समजला जातो. शेवटी वापरणारा सापडला की संशोधन संपतं. मिक्सर तसाच राहतो.

मी बँकेत कारकून आहे, म्हणजे संशय हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. सहीवर संशय, नोटेवर संशय, चेकवरच्या तारखेवर संशय. पण आमच्याकडे संशयालासुद्धा एक शिस्त असते. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत थोडीफार लेजरं शिल्लक होती आणि संध्याकाळी दोन बाजू जुळल्या नाहीत तर घरी जायची सोय नव्हती. फरक आला की आमचे जुने हेडक्लार्क कुणाच्याही तोंडाकडे न बघता सांगायचे, “नवाने भागा.” भाग पुरता गेला तर बहुधा कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची; ती सापडली तर नावे टाकायची रक्कम जमेला पडलेली असते. एवढं सगळं झाल्यावर मग माणसांना विचारायचं. आता बेरजा कॉम्प्युटर करतो, त्या चुकत नाहीत; पण आकडा टाकणारं बोट अजून माणसाचंच आहे, त्यामुळे नवाचा पाढा अजून पेन्शनीत गेलेला नाही.

आधी आकड्यावर संशय, मग माणसावर. बँकेबाहेर हा क्रम मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. चिंचवडला माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये तर नाहीच.

तिथे जे घडलं त्याच्या मुळाशी भाच्याची गाडी आहे. रेडिओवर चालणारी शर्यतीची गाडी. ‘खेळण्यातली’ म्हटलेलं भाच्याला खपत नाही. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, हातभर लांब आणि तासाला तीस-चाळीस किलोमीटर पळणारी वस्तू खेळण्यांत मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि तिच्यावर झालेला खर्च पाहता मलाही ते पटतं. हा छंद तसा आजकालचा नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं विजेवर पळणारी, रेडिओनं हाकायची पोर्शे ९३४ बाजारात आणली ती १९७६ साली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मातीतून पळणाऱ्या अशा विजेच्या गाड्यांची जागतिक स्पर्धाही झाली. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांतून त्या पळताना दिसतात, आणि तिथून त्या भाच्यांच्या डोक्यात शिरतात.

गाडीच्या पोटात पाच असामी असतात. बॅटरी, मोटर, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो, हवेतला हुकूम ऐकणारा रिसीव्हर, आणि या सर्वांच्या मध्ये बसलेला स्पीड कंट्रोलर. हा कंट्रोलर म्हणजे आमचा कॅशियर. बॅटरीतला माल कुणाला किती सोडायचा ते त्याच्या हातात. मोटरला तो हुकमाप्रमाणे देतो, आणि रिसीव्हर-सर्व्होसाठी पाच-सहा व्होल्टचा वेगळा खुराकही तोच काढून देतो. (जुन्या गाड्यांत हे काम एक सरकता हात आणि चिनी मातीचे रोधक करायचे. गाडी हळू चालवली की उरलेली वीज उष्णता होऊन उडून जायची. म्हणजे काम कमी आणि खर्च तोच. ही पद्धत गाड्यांतून गेली; इतरत्र कुठे टिकून आहे ते मी नोकरीत असेपर्यंत सांगणार नाही.)

कंट्रोलरकडे आणखी एक काम असतं, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. आजकाल या गाड्यांना लिथियमच्या बॅटऱ्या घालतात. भरलेला एक सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि तीनच्या खाली ओढला तर कायमचा दुखावतो, पुढे फुगतोसुद्धा. म्हणून दोन सेलच्या बॅटरीचं व्होल्टेज सव्वासहा-साडेसहापर्यंत उतरलं की बहुतेक कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतात आणि लाल दिवा मिचकावतात. खात्यात किमान शिल्लक उरली आहे, पुढचा चेक वटणार नाही, असा त्याचा अर्थ.

भाच्याकडे आधी जुन्या पद्धतीची, सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी होती. ती थकली. वरच्या मजल्यावरच्या मुलानं आपली थोडी वापरलेली लिथियमची बॅटरी त्याला १५०० रुपयांना दिली. दोघं एकाच वयाचे, अकरावीतले, दिवसातून चार वेळा एकमेकांच्या घरी जेवणारे. नव्या बॅटरीचा कनेक्टर पिवळा, गाडीचा पांढरा. दोघांचं जमेना. तेव्हा आमच्या मेहुण्यांनी जुन्या रेडिओच्या दुरुस्तीची पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढली, गाडीचा पांढरा कनेक्टर कापला आणि स्वहस्ते पिवळा बसवला. भाच्यानं कंट्रोलरवरची पिन जुन्या बॅटरीच्या खुणेवरून लिथियमच्या खुणेवर आणली आणि गाडी खाली पार्किंगमध्ये उतरवली.

गाडी पंधरा फूट सुसाट गेली आणि थांबली. लाल दिवा मिचकावू लागला. थोडं थांबून पुन्हा जोर दिला, पुन्हा पंधरा फूट. पुढची चाकं मात्र डावीउजवीकडे वळत होती, म्हणजे रिसीव्हर जिवंत होता. गाडी उचलून चाकं हवेत धरली तर मोटर अशी काही फिरायची, की बिघाड आहे म्हणणाराच खोटा ठरावा. जमिनीवर ठेवली की पंधरा फूट.

“बॅटरी बाद आहे,” मेहुणे म्हणाले.

मेहुणे एका कारखान्याच्या परचेस खात्यात आहेत. माल आत आला आणि काम थांबलं तर पुरवठादार चोर, हे त्यांच्या खात्याचं घोषवाक्य असावं. वीस वर्षं ते या घोषवाक्यानुसार वागत आलेत आणि त्यांना बढत्याही मिळाल्या आहेत. आता गाडीत त्या दिवशी नव्या गोष्टी तीन आल्या होत्या. बॅटरी नवी, कंट्रोलरची खूण नवी, आणि कनेक्टरचा सांधा नवा. यांपैकी पैसे मोजून बाहेरून आलेली एकच. संशयाचा पहिला नंबर तिला मिळाला. ज्या सांध्याला आपला हात लागलाय तो रांगेतसुद्धा उभा नव्हता.

वरचा मुलगा मल्टिमीटर घेऊन धावत खाली आला. त्यानं बॅटरीला दोन टोकं लावली. “बघा काका, ८.२ व्होल्ट. पूर्ण भरलेली आहे.”

“मीटरचं मला सांगू नकोस. गाडी पळते का?”

“पण काका, मीटर...”

“मीटर पळवायचं नाहीये आपल्याला.”

भांडणाचा हा जिन्यातला प्रकार मला बहिणीनं नंतर सांगितला. पण ऐकताना माझ्या मनात आलं ते असं, की दोघंही खरं बोलत होते. मीटरनं बॅटरीला विचारलं तर ती ८.२ म्हणणारच. कारण मीटर तिच्याकडून काही घेतच नाही. नावापुरता करंट घेतो आणि विचारतो, कसं काय? आपण जिन्यात भेटलेल्या माणसाला विचारतो तसं. “कसं काय, बरंय ना?” “बरंय की.” झाले ८.२ व्होल्ट. माणूस आतून कितीही पोखरलेला असला तरी जिन्यात त्याचं व्होल्टेज पूर्ण असतं. खरी स्थिती कळायची तर त्याच्याकडून पंचवीस ॲम्पियर मागावे लागतात.

आमच्या धंद्यात याला जामीन म्हणतात. लग्नाच्या मांडवात ‘कधीही हाक मार’ म्हणणारे, पाठीवर थाप मारणारे आठ-आठ व्होल्टचे काके-मामे मी पाहिले आहेत. कर्जाचा फॉर्म पुढे सरकवून “जामीनदार म्हणून इथं सही” म्हटलं की त्यांचं व्होल्टेज किती उतरतं, ते माझ्या टेबलावरून स्पष्ट दिसतं. चष्मा घरी राहिलेला असतो. पॅनकार्ड सापडत नसतं. मुलाला विचारायला हवं असतं, आणि मुलगा कॅनडात असतो.

पण म्हणून मांडवातला काका खोटा, असं मात्र मी म्हणणार नाही. भाराखाली उतरत नाही अशी बॅटरी अजून कुणी बनवलेली नाही. प्रत्येक बॅटरीच्या पोटात तिचा स्वतःचा म्हणून काही रोध असतो. करंट मागितला की व्होल्टेजचा काही हिस्सा ती घरातच खर्च करते आणि उरलेला बाहेर देते. चांगली बॅटरी थोडी उतरते, वाईट फार उतरते. प्रश्न उतरते का हा नाही, किती उतरते हा आहे. शिवाय कशासाठी मागता, हेही आहेच. शर्यतीच्या गाडीत पहिल्या मिनिटाला मान टाकणारी बॅटरी एखाद्या लहानशा दिव्याला महिनोन् महिने पुरू शकते. तो तिच्याकडून मागतोच असं किती? आमच्या शाखेत एक गृहस्थ होते. पगाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी झाली की त्यांना घाम फुटायचा, नोटा हातातून निसटायच्या. सगळे म्हणायचे, माणूस कुचकामी. पुढे त्यांना रेकॉर्ड रूमला टाकलं. वीस वर्षांपूर्वीचं व्हाउचर ते चार मिनिटांत काढून द्यायचे. तेच सेल, तेच व्होल्टेज. आम्ही त्यांना चुकीच्या गाडीत घातलं होतं.

असो. चिंचवडला एवढा विचार करायला कुणाला सवड नव्हती. मेहुण्यांनी वर जाऊन मुलाच्या वडिलांना एवढंच सांगितलं की, “आजकालची मुलं हुशार असतात, पण व्यवहारात सचोटी हवी.” वाक्यात नाव कुणाचं नव्हतं. अशी नाव नसलेली वाक्यं बरोबर पत्त्यावर पोचतात. त्याच रात्री मुलाची आई खाली आली. पाकिटात पाचशेच्या तीन नोटा. “आमचा मुलगा तसा नाही,” एवढं बोलून तिनं बॅटरी मागून घेतली आणि चहा न घेता गेली. बहिणीच्या बिल्डिंगमध्ये चहा न घेता जाणं ही गोष्ट पोलिस तक्रारीच्या एकच पायरी खाली समजली जाते.

मग दुकानातून नवी कोरी बॅटरी आली. दुपटीहून जास्त किमतीची. पार्किंगमध्ये बिल्डिंगमधली सगळी पोरं जमली. गाडी सुसाट सुटली, आणि पंधरा फुटांवर थांबली.

इथं कुणीही म्हणेल, की बॅटरी बदलूनही तेच होतंय त्या अर्थी बॅटरी निर्दोष. वरच्या मजल्यावर जाऊन सांगायला हवं. पण संशयाचा स्वभाव असा, की एकाला सोडून देताना तो ते जाहीर करत नाही. गुपचूप दुसऱ्याकडे वळतो. मेहुणे म्हणाले, “मोटर.” पुन्हा दुकान. जास्त जोराची मोटर आली. आता गाडी आठ फुटांवर थांबू लागली. हे अगदी नियमाप्रमाणे झालं. जोराची मोटर जास्त करंट ओढते, आणि दुखणं करंटच्या वाटेवर असेल तर जितका करंट जास्त तितकं ते लवकर उमळतं. पण मेहुण्यांना त्यातून एवढाच बोध झाला, की दुकानदारही चोर आहे.

राहता राहिला कंट्रोलर. त्याच्यावर तर राग धरणं सगळ्यात सोपं. दिवा तोच मिचकावतो, पुरवठा तोच तोडतो, म्हणजे गुन्हा तोच करतो. बँकेत पैसे खात्यात नाहीत म्हणून चेक परत जातो, आणि शिव्या खातो तो परत देणारा कारकून. वर्षानुवर्षं काचेमागे बसून मी हे अनुभवलं आहे. ‘नाही’ हा शब्द ज्याच्या तोंडून बाहेर पडतो, ‘नाही’चं कारणही तोच, असं लोकांना मनापासून वाटतं. मेहुण्यांनी सुचवलं, “ती पिन जुन्या खुणेवर सरकव ना. कटकट तरी थांबेल.” तशी सरकवली असती तर कटकट थांबली असती हे खरं. कंट्रोलरनं लिथियमची बॅटरी जुन्या पद्धतीची समजून नको तितकी खाली ओढू दिली असती, आणि महिन्याभरात ती पापडासारखी फुगली असती. भाचा नाही म्हणाला. सबंध प्रकरणात शहाणपणाचं असं पहिलं वाक्य त्याचं. “बाबा, ताप येतोय म्हणून थर्मामीटर काय फोडायचा?”

शेवटी तळमजल्यावरचे आजोबा आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य खांबावर आणि खड्ड्यात काढलेलं. त्यांनी मीटर मागितला नाही. “दोन मिनिटं पळवा, थांबतथांबत का होईना. मग एकेका वस्तूला बोट लावा.” पळवली. बॅटरीला बोट लावलं, कोमट. मोटरला लावलं, बऱ्यापैकी गरम, पण मोटर गरम होतेच. कंट्रोलर ठीक. “आता सांधा बघा,” आजोबा म्हणाले. मेहुण्यांनी पिवळ्या कनेक्टरच्या मागं, गाडीच्या बाजूला, आपण जिथं सोल्डर दिलं होतं तिथं बोट ठेवलं आणि “आई ग!” म्हणून काढून घेतलं.

जाड तार, आणि आयर्न पंचवीस वॅटची. तारेला हवी तेवढी ऊब मिळाली नव्हती. सोल्डर आत तारांत मुरलं नव्हतं. वरच्यावर राखाडी गोळा होऊन बसलं होतं, न शिजलेल्या भातासारखं. बाहेरून बघणाऱ्याला सांधा पक्का. ओढला तरी निघत नव्हता. पण समजा, त्या जागी रोध ओहमच्या सहा शतांश एवढा आला. सहा शतांश म्हणजे काय? बऱ्याच घरगुती मीटरना तो धड दिसतसुद्धा नाही. पण त्यातून पंचवीस ॲम्पियर जाऊ लागले की दीड व्होल्ट तिथंच खर्च होतात. बॅटरी भाराखाली पावणेआठ देत असेल तर कंट्रोलरच्या दारात पोचतात फक्त सव्वासहा. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणतो, बॅटरी संपली. आणि ते दीड व्होल्ट जातात कुठे? पंचवीस गुणिले दीड, साडेसदतीस वॅट, सांध्याला भाजण्यात. म्हणजे जी आयर्न अपुरी पडली म्हणून सांधा कच्चा राहिला, त्या आयर्नपेक्षा जास्त ताकदीनं सांधा स्वतःच स्वतःला तापवत होता. चाकं हवेत असताना मोटर करंट फारसा मागतच नाही, म्हणून तिथं सारं आलबेल.

आजोबांनी आपली मोठी आयर्न आणली, सोल्डर पाण्यासारखं वाहीपर्यंत तार तापवली आणि सांधा पुन्हा केला. गाडी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर जाऊन आदळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्याची खिडकी बंद होती.

खरा प्रश्न इथून पुढे. मी रविवारी गेलो तेव्हा मेहुणे बोटाला बर्नॉल लावून बसले होते. मी विषय काढला. ते म्हणाले, “मी त्या मुलाला एक शब्द बोललो नाही. मी म्हटलं, बॅटरी वाईट आहे. मुलगा वाईट आहे असं म्हटलं का?” मला हे बोलणं ऐकून बाजूला सारावं असं वाटलं नाही. वस्तूला नाव ठेवणं आणि माणसाला नाव ठेवणं यांत फरक आहे, आणि तो असायलाही हवा. नाहीतर भाजीवाल्याकडची वांगी किडकी आहेत असं म्हणायचीही चोरी. पण वांगी भाजीवाल्यानं पिकवलेली नसतात. वापरलेली बॅटरी ओळखीतून विकणारा वस्तू विकतच नाही. तो ‘चांगली आहे’ हा आपला शब्द विकतो, आणि वस्तू वरताव्याला देतो. ती वाईट म्हटली की वाईट काय ठरलं, हे सोळा वर्षांच्या पोरालाही समजतं.

“आणि आता काय राहिलं?” मेहुणे पुढे म्हणाले. “पैसे आमचे आम्हाला मिळाले, बॅटरी त्यांची त्यांना मिळाली. फिट्टंफाट.”

परचेस खात्याच्या दृष्टीनं हिशेब चोख होता. मी कॉमर्सचा पदवीधर, मलासुद्धा त्यात एका पैशाची चूक काढता आली नाही. नावे पंधराशे, जमा पंधराशे. तरी बिल्डिंगमध्ये कुठेतरी फरक येत होता, आणि तो नवाने भागला जात नव्हता. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं आठवलं. धंद्याचं नाव, ज्याला गुडविल म्हणतात, ते दुसऱ्याकडून विकत घेतलेलं असेल तर ताळेबंदात दाखवता येतं. स्वतः कमावलेलं असेल तर दाखवता येत नाही. तेव्हा मला हा नियम विचित्र वाटला होता. आता वाटतं, ज्यानं केला त्याला जगाची माहिती असावी. स्वतः कमावलेलं नाव कुठल्याच वहीत नसतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठल्या वहीत होत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग संशयाचा पहिला नंबर नेहमी स्वतःला द्यावा. आधी आपला सांधा, मग दुसऱ्याची बॅटरी. गाडीपुरतं मला हे मान्य आहे. ते स्वस्तही पडतं. पण माणसांत हे व्रत घेतलेला एक सहकारी मी पाहिला आहे. कॅश कमी आली की “माझंच चुकलं असेल” म्हणून तो खिशातून भरून मोकळा व्हायचा. पाचशे एकदा भरले, पुन्हा एकदा भरले. एक नोट पुढे ड्रॉवरच्या फटीत सापडली. दुसरी कुठे गेली ते ज्याला माहीत होतं त्यानं सांगितलं नाही. या सवयीमुळे तो शाखेत फार लोकप्रिय होता. आधी आपल्याला तपासणं वेगळं आणि आधी आपल्याला शिक्षा करणं वेगळं. आजोबांनी बोट सगळ्यांनाच लावायला सांगितलं होतं.

आणि गाडीवरून माणसांचं शिकायला गेलं तर एका ठिकाणी गाडी थांबतेच. बॅटरीवर संशय घेतला, काढून ठेवली, नंतर निर्दोष ठरली म्हणून परत घातली, तर ती पूर्वीसारखीच चालते. तिला आठवण नसते. एकेक वस्तू बदलून बघायची ही पद्धत उत्तम आहे, पण ज्याला बदलून बघितलं तो परत येताना तोच असला पाहिजे. माणूस तसा येत नाही. त्याच्यावर घेतलेला संशय खोटा होता असं सिद्ध झालं तरी संशय घेतला होता हे खरंच राहतं.

ज्याच्या नावानं आपण रोध मोजतो त्या गेओर्ग ओहमची गोष्ट मला यावर नेहमी आठवते. कोलोनच्या शाळेत मास्तर होता. व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा मेळ घालणारं पुस्तक त्यानं १८२७ साली काढलं. विद्वानांनी नाक मुरडलं. मास्तरानं वैतागून शाळेची नोकरी सोडली. चौदा वर्षांनी, १८४१ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. आणि १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला त्याचं नाव पक्कं झालं, तेव्हा त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. नाक मुरडणाऱ्यांपैकी कुणी “आमचं चुकलं” म्हणून त्याच्या घरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पदक देणं सोपं असावं.

मेहुण्यांचंही तेच झालं. पन्नाशीच्या माणसानं सोळा वर्षांच्या पोराकडे जाऊन काय म्हणायचं? ‘सॉरी’ म्हणता आलं असतं. ‘सॉरी’ला काही लागत नाही, गर्दीत पाय पडला तरी आपण म्हणतो, तो मीटरइतकाच करंट घेतो. ‘माझं चुकलं’ म्हणायला मात्र पंचवीस ॲम्पियर लागतात आणि तिथंच आपल्यातल्या बऱ्याच जणांचा कटऑफ येतो. बहीण म्हणाली, “तुम्ही नुसते वर जाऊन या. बोलू नका काही.” मेहुणे दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेले. एकदा वॉचमनशी बोलून परत आले, एकदा दूध घेऊन.

शेवटी बहिणीनं आपल्या परीनं मार्ग काढला. ताज्या चकल्या झाल्या होत्या. त्यातल्या डझनभर स्टीलच्या डब्यात घालून तिनं भाच्याला वर पाठवलं. आपल्याकडे शब्द अडले की डबे बोलतात, आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. काही नाही तर चमचाभर साखर तरी घालतात. डबा दोन दिवसांनी आला. स्वच्छ घासलेला, पुसलेला, रिकामा.

बहीण तो हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मेहुणे पेपर वाचत होते, निदान पेपर त्यांच्या चेहऱ्यासमोर होता. संध्याकाळी भाचा परत वर गेला, या वेळी डब्याशिवाय, आणि तासाभरानं खाली आला.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“काही नाही, मामा. मी म्हटलं, आमचा सांधा कच्चा होता, बाबांनी उगाच बोलायला नको होतं, मीपण गप्प बसायला नको होतं. तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, रविवारी येतो गाडी पळवायला.”

“मग झालं की!”

“येतो म्हणालाय. पण बॅटरी तू तुझी आण म्हणाला. माझी देणार नाही.”